थिबा राजाच्या हद्दपारीतून इगतपुरीपर्यंत

रत्नागिरीचा थिबा राजवाडा म्हणजे एका पदच्युत राजाचं शेवटचं घर, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना-ध्यान केंद्राशी त्याचं नातं जोडायचं कुणाला सुचत नाही. पण राग उसळला की तोंड उघडण्याआधी स्वतःच्या अंगात काय चाललंय ते पाहावं, हे संसारी माणसाला दहा दिवसांच्या शिबिरात शिकवण्याची रीत त्या राजाच्या हद्दपारीशिवाय घडली असती, असं मला वाटत नाही. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि थिबाला भारतात आणलं. ब्रह्मदेशात राजा हाच बौद्ध धर्माचा आश्रयदाता. थिबाच्या वडिलांनी, मिंडोन राजांनी, १८७१ मध्ये मंडालेत पाचवी संगीती, म्हणजे बौद्ध धर्मसभा, भरवली होती. आता सिंहासनच उरलं नाही, तर धर्म राखायचा कुणी? लेडी सयाडो (१८४६–१९२३) या भिक्खूंचं उत्तर होतं: सामान्य उपासकांनी. सोप्या बर्मी भाषेत पुस्तकं लिहीत, गावोगाव हिंडत त्यांनी अभिधम्म (बौद्ध धर्मातलं तत्त्वविवेचन) आणि ध्यान विहाराबाहेर आणलं. पुढे ही विद्या सया थेटजी या शेतकऱ्याकडे गेली आणि त्यांच्याकडून ऊ बा खिन यांच्याकडे. ऊ बा खिन हे १९४८ मध्ये स्वतंत्र झालेल्या ब्रह्मदेशाचे महालेखापाल. त्यांनी कचेरीतल्या माणसांनाही ध्यानाला बसवलं. मायग्रेनने हैराण झालेले व्यापारी सत्यनारायण गोएंका १९५५ मध्ये त्यांच्याकडे शिकले, १९६९ मध्ये मुंबईत त्यांनी भारतातलं पहिलं शिबिर घेतलं आणि १९७६ पासून इगतपुरीत शिबिरं सुरू झाली.

शिबिरात आधी तीन दिवस नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा, मग सगळ्या शरीरावरच्या संवेदना, आणि हे सगळं मौनात. यामागचा विचार असा, की आपण शिवीला उत्तर देत नाही. शिवीने छातीत जो दाह उठतो, त्याला उत्तर देतो. तो दाह वेळीच ओळखता आला, तर काय बोलायचं हे ठरवायला क्षणभर उसंत मिळते. ही साधना बुद्धकाळापासून अखंड चालत आली, असं परंपरा मानते, आणि पाली ग्रंथांत ध्यान करणारे गृहस्थ भेटतातही. पण अधूनमधून भेटणारे साधक वेगळे आणि नोकरदाराने रजा काढून बसावं अशी सार्वजनिक व्यवस्था वेगळी. ही व्यवस्था आधुनिक आहे, आणि ती एका राजकीय पराभवातून आली.

आंबेडकरी चळवळीतून येणारा आक्षेप मला परंपरेच्या या दाव्याहून वजनदार वाटतो: अन्यायाने पेटलेल्या माणसाला श्वासाकडे बघायला लावणं म्हणजे त्याची धार बोथट करणं नव्हे का? लेडी सयाडोंचं चरित्र याला बऱ्याच अंशी उत्तर देतं. पराभवापुढे ते गप्प बसले नाहीत. गोमांस सोडा असं आवाहन करणारं खुलं पत्र त्यांनी लिहिलं आणि समाज बांधत राहिले. त्यांच्यापाशी थांबणं ही कृतीआधीची पायरी होती. तरी आक्षेप पुरता मिटत नाही. १९९४ मध्ये तिहार तुरुंगात हजाराहून अधिक कैदी एकाच शिबिराला बसले. कैदी शांत झाला तर तुरुंगाची सोयच होते, आणि म्हणून अशा शिबिरांचं यश मोजताना कैद्यांचा संयम जेवढा तपासला जातो, तेवढाच दंडुका हाती असलेल्यांचाही तपासायला हवा. तिहारमध्ये तुरुंगाचे कर्मचारीही शिबिरांना बसले होते. त्या प्रयोगाच्या कौतुकात हा तपशील मात्र फार क्वचित सांगितला जातो.