रकाना कोणासाठी?

डिसेंबर उजाडला की स्टेशनरीच्या दुकानांत नव्या डायऱ्यांच्या चळती लागतात आणि आमच्यासारख्या वहीवेड्यांचे पाय आपोआप तिकडे वळतात. गेली काही वर्षं मी मनासारखा प्लॅनर शोधतेय. शोधता शोधता या वस्तूचा इतिहासच वाचत बसले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडून ठेवते.

'रोजनिशी' हा शब्द आपल्याकडे जुनाच. पेशव्यांच्या दफ्तरात रोजनिश्या होत्या. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यांतून निवडलेले वेचे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापून आले, आणि न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांच्यावर लिहिलं, हे इतिहासाची आवड असणाऱ्यांना माहीत असेलच. व्यापाऱ्यांकडे कीर्द आणि खतावणी होती. पण या सगळ्यात घडून गेलेल्याची नोंद. आज काय झालं, किती आले, किती गेले. पुढचं सांगायला पंचांग होतं. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण ही पाच अंगं दिवस कसा आहे ते सांगत, पण त्या दिवशी आपल्याला काय करायचंय ते लिहायला पंचांगात जागा नव्हती. म्हणजे मागचं वहीत, पुढचं पंचांगात, आणि आपली कामं डोक्यात!

अजून न उगवलेल्या दिवसाची तारीख छापून खाली कोरी जागा सोडायची, ही कल्पना बाजारात रुळवण्याचं श्रेय सहसा लंडनच्या जॉन लेट्सला देतात. रॉयल एक्स्चेंजजवळ त्याचा स्टेशनरीचा धंदा होता आणि १८१२ साली त्याने अशी डायरी विकायला काढली. गिऱ्हाईक कोण? तर आजूबाजूचे व्यापारी. त्यांना उद्याची, परवाची देणीघेणी डोळ्यांसमोर हवी होती.

त्याच्याही आधी बेंजामिन फ्रँकलिनने स्वतःपुरती एक वही आखली होती. त्याच्या आत्मचरित्रात तिचं वर्णन आहे. तांबड्या शाईने सात उभे रकाने, आठवड्याच्या वारांचे. आडव्या तेरा ओळी, तेरा सद्गुणांच्या. चूक झाली की त्या चौकटीत काळा ठिपका. ठिपके खोडून खोडून कागदाला भोकं पडायला लागली, तेव्हा त्याने हस्तिदंती पानांची टिपणवही घेतली, म्हणजे ओल्या स्पंजने पुसता येईल. चोवीस तासांचं वेळापत्रकही होतंच, पहाटे पाचला उठण्यापासून. आणि गंमत म्हणजे तेरांपैकी सगळ्यात जास्त छळलं ते 'व्यवस्थितपणा'ने, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. त्याचं नाव लावून पुढे १९८०च्या दशकात अमेरिकेत प्लॅनर खपले, ते घेणाऱ्यांतल्या कितीजणांना हे ठाऊक होतं कोण जाणे :)

सुटी पानं घालता-काढता येणारी वही आली ती १९१०च्या सुमारास, फिलाडेल्फियात. नाव लेफॅक्स, आणि ती होती इंजिनिअरांसाठी. तक्ते, सूत्रं, मोजमापं खिशात बाळगायची सोय. तीच कल्पना १९२१ मध्ये लंडनला फायलोफॅक्स झाली. तिथे ग्रेस स्कर नावाची सेक्रेटरी होती. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यात कंपनीची कचेरी नष्ट झाली, पण गिऱ्हाइकांची आणि पुरवठादारांची नावं-पत्ते बाईंनी आपल्या फायलोफॅक्समध्ये उतरवून ठेवले होते. त्यावरून धंदा पुन्हा उभा राहिला. पुढे त्या कंपनीच्या प्रमुख झाल्या.

१९४७च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातल्या मॉरिस पर्किन्स या वकिलाने स्वतःच्या वकिलीसाठी डायरी बनवली. भेटी, कामांची यादी, कोणत्या अशिलाला किती वेळ दिला, सगळं एका जागी. त्यातून 'डे-टायमर' निघाली. आणि अलीकडचं म्हणजे २०१३चं बुलेट जर्नल. रायडर कॅरल या डिझायनरला लहानपणापासून लक्ष एका जागी टिकवणं अवघड जायचं. त्याने साध्या कोऱ्या वहीत ठिपके आणि खुणा यांची पद्धत बसवली. महिना संपला की राहिलेलं काम हाताने पुढे उतरवायचं, आणि उतरवायचाही कंटाळा येत असेल तर ते सोडून द्यायचं. मला हे फार पटलं.

आता ही यादी पुन्हा पाहा. व्यापारी, इंजिनिअर, वकील, डिझायनर. ज्याची अडचण त्याने वही आखली किंवा त्याच्यासाठी कोणीतरी आखली. मग माझ्या दुकानातल्या डायरीत नऊ ते सहाचेच रकाने का, याचं उत्तर मिळतं. ती कचेरीतल्या माणसाची वही आहे. पहाटे साडेपाचला आणि रात्री दहाला जी कामं होतात, त्यांना तिच्यात ओळच नाही.

घरासाठी म्हणून जे छापलं गेलं त्यात सगळ्यात जवळ आलं ते आपलं कालनिर्णय. १९७३ पासून जयंतराव साळगावकरांनी पंचांग भिंतीवर आणलं आणि त्याला चौकटी दिल्या. आपल्या आया-मावश्यांनी त्या चौकटी कशा वापरल्या ते आठवा. दूध दीड लिटर, गॅस लावला, मोलकरणीचा खाडा, शाळेची फी. त्या इवल्याशा जागेत अख्खं घर चालायचं. पण वर्ष संपलं की ते रद्दीत किंवा पुस्तकांच्या कव्हरांना. आमच्या आईच्या हातची एवढी वर्षांची व्यवस्था, पण एक पान उरलेलं नाही. पेशव्यांच्या कारकुनांचं दफ्तर राहिलं, हिचं नाही. ही गोष्ट मला लागते.

नातेवाईक वाचताहेत, त्यांना माहीतच आहे की दोन वर्षांपासून सासऱ्यांचं डायलिसिस सुरू आहे. मंगळ, गुरू, शनी, प्रत्येक वेळी चार तास. शिवाय जाणं-येणं, पाण्याचं माप, गोळ्या, माझी नोकरी, मुलीची दहावी. छापील डायरीत हे बसेना. शेवटी दोनशे पानी लांब वही घेतली आणि पट्टीने आखली. तासांऐवजी माणसांचे रकाने : बाबा, लेक, घर, कचेरी. उजवीकडे अरुंदसा पाचवा रकाना, त्यावर 'कोण करणार'. मंगळवारी दीर, शनिवारी नणंद, असं त्यात लिहायला लागल्यावर फोनाफोनी निम्मी झाली. वही फ्रीजवर असते, कोणीही लिहावं.

सहावा रकाना मी मागाहून आखला, माझ्या नावाचा. बरेचदा कोराच असतो. पण आखलेला आहे, त्यामुळे कोरा आहे हे घरातल्यांना दिसतं. मागच्या महिन्यात त्यात लेकीच्या अक्षरात लिहिलेलं सापडलं : 'रविवारी सकाळी आई फिरायला, चहा मी करणार.'

ही वही भरली की रद्दीत द्यायची नाही, एवढं ठरवलंय.