कुऱ्हाडीनं घडवलेलं चाक

१० जून १९०७ ला चीनमधल्या पेकिंगहून पाच मोटारी पॅरिसला निघाल्या. त्यात इटलीचे राजपुत्र बोर्गेसे यांची 'इटाला' होती. पेकिंग सोडलं न सोडलं तोच डोंगर लागला. रस्ता कसला, नुसते धोंडे! इंजिनाचं काही चालेना. मग गाडीवरचं वजन उतरवलं, दोर बांधले आणि मजुरांनी, खेचरांनी ती ओढत घाटापार नेली.

पुढं रशियात, पेर्म शहर ओलांडल्यावर तिचं लाकडी चाक मोडलं. कारखाना कुठं जवळ असणार? खेड्यातल्या एका सुतारानं कुऱ्हाडीनं ते पुन्हा घडवलं. त्याच चाकावर गाडी पुढं गेली आणि १० ऑगस्टला पॅरिसात पहिली आली. आज ती ट्यूरिनच्या संग्रहालयात आहे.

जिंकल्याचा मान राजपुत्राला मिळाला, मिळू दे. मी बैलगाडीच्या काळातला माणूस. मला तो सुतार मोठा वाटतो. आरा कुठं सैल झालाय हे आमच्याकडच्या सुतारालाही नुसत्या आवाजावरून कळायचं. आता गावात चाक भरणारा कुणी उरला नाही. ट्रॅक्टर बंद पडला की तालुक्याच्या मिस्त्रीची वाट बघत बांधावर बसायचं.