घाटमाथ्याची जकात आणि विमानाचं तिकीट

मागच्या शुक्रवारी रात्री दिल्लीचं तिकीट काढत होतो. क्लायंटकडे मीटिंग, पैसा कंपनीचा. त्यामुळे एरवी मी तिकिटाच्या खालच्या बारीक ओळी कधी वाचत नाही. या वेळी खर्चाच्या फॉर्ममध्ये त्या वेगवेगळ्या भरायच्या होत्या म्हणून वाचल्या. मूळ भाडं, विमानतळाचं विकास शुल्क, सुरक्षा शुल्क आणि शेवटी ५ टक्के जीएसटी. थोडी चिडचिड केली, फॉर्म भरला आणि झोपलो.

रविवारी गावी गेलो. आमचं गाव वेल्ह्याच्या पुढे, केळदच्या वाटेवर. (तालुक्याचं सरकारी नाव २०२४ पासून राजगड झालंय, पण आमच्या घरात अजून वेल्हेच.) खेड शिवापूरचा टोल, मग चेलाडी फाट्यावर वळायचं की पुढे गुंजवणी, मार्गासनी आणि समोर तोरणा. आजीसमोर बसून चहा पिताना मी फुशारकीने सांगितलं, "आजी, विमानाच्या तिकिटात सरकार किती पैसे घेतं माहितीये?" आजी एकदाही विमानात बसलेली नाही. आजोबा तर आयुष्यभर मुंबई ते गाव एसटीनेच आले-गेले. ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "आरं, मग येष्टीच्या तिकिटात सरकारचं काय नसतं व्हय?"

मला उत्तर माहीत नव्हतं. इंजिनिअरिंगची डिग्री, सात वर्षांचा अनुभव, आणि आजीच्या एका प्रश्नाने दांडी गुल. मग आठवडाभर हाच किडा डोक्यात. जे सापडलं ते लिहितोय.

सुरुवात आमच्या परिसरापासूनच करू. केळदच्या पुढे मढे घाट. तिथून खाली उतरलं की महाड तालुका, म्हणजे कोकण. तान्हाजी मालुसऱ्यांचा देह याच वाटेने उमरठला नेला, असं परंपरा सांगते. थोडं दक्षिणेला भोरहून महाडला उतरणारा वरंधा घाट. आज आपण या वाटांवर धबधबे बघायला जातो, पण शेकडो वर्षं मीठ, नारळ, सुकी मासळी वर यायची आणि धान्य खाली जायचं ते अशाच घाटांनी. आणि जिथे वाट अरुंद, तिथे जकात. सह्याद्रीत कर घ्यायला भिंत बांधावी लागत नाही, ती निसर्गानेच बांधलेली आहे. खिंडीच्या तोंडाशी चार माणसं बसवली की झालं. जुन्नरच्या नाणेघाटात दगडाचा जो मोठा रांजण आहे तो जकातीची नाणी टाकण्यासाठी होता असं लोक मानतात. खरं-खोटं काही असो, कल्पना मात्र अचूक आहे. वाटसरूचा कर हा सगळ्यात सोपा कर. तो परगावचा असतो, घाईत असतो आणि उद्या पंचायतीसमोर भांडायला येणार नसतो.

पण या सोप्या कराला एक कायमची अडचण आहे. वाटसरू दुसऱ्या वाटेने जाऊ शकतो. जकात वाढली की बैलांचे तांडे शेजारच्या घाटाने उतरतात. हे शिवाजी महाराजांना नेमकं ठाऊक होतं. १६७१ साली त्यांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना पाठवलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. पोर्तुगीजांच्या बारदेशातलं मीठ स्वस्त पडत होतं, त्यामुळे व्यापारी तिकडे वळत होते आणि स्वराज्यातल्या संगमेश्वरकडच्या मिठाला गिऱ्हाईक उरत नव्हतं. महाराजांनी हुकूम दिला की बारदेशच्या मिठावर एवढी जकात बसवा की ते इकडच्या मिठाहून महाग पडेल. म्हणजे जकात हे फक्त तिजोरी भरायचं साधन नाही, माणसं कुठल्या वाटेने जातील हे ठरवायचंही साधन आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं हे शहाणपण. हे सूत्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता थेट १९४८. मार्चमध्ये भोर संस्थान विलीन झालं, पंतसचिवांचं अडीचशे वर्षांचं राज्य संपलं. त्याच वर्षी १ जूनला नगर-पुणे रस्त्यावर पहिली एसटी धावली. आमच्या भागाच्या दृष्टीने या दोन घटना एकाच गोष्टीचे दोन भाग आहेत. राजा गेला आणि लाल डबा आला.

तोपर्यंत राज्यघटनेचं कामही चालूच होतं. करांची वाटणी करताना घटनेने प्रवाशांचेही दोन भाग केले. रस्त्याने आणि नदी-कालव्यातून जाणाऱ्या प्रवाशांवरचा कर राज्यांच्या यादीत गेला. रेल्वे, समुद्र आणि विमानाने जाणाऱ्यांवरचा सीमाकर केंद्राच्या यादीत गेला. कागदावर ही फक्त कामाची विभागणी. पण पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं माझ्या आजोबांचा कर आणि माझा कर वेगवेगळ्या दिशांनी का गेला, त्याचं मूळ इथे आहे.

आधी आजोबांचा कर बघू. १९५८ साली मुंबई राज्याने मोटार वाहनांतल्या प्रवाशांवर कर लावणारा कायदा केला. तो पुढे महाराष्ट्रात चालू राहिला. हा कर भाड्यातच मुरलेला असतो, तिकिटावर वेगळी ओळ नाही, त्यामुळे कुणाला दिसत नाही. शहरातल्या बससेवेला ३.५ टक्के आणि गावोगावच्या एसटीला १७.५ टक्के. साडेसतरा! मी आकडा दोनदा तपासला. जीएसटी आल्यावरही तो संपला नाही, कारण घटनेच्या यादीतली रस्त्यावरच्या प्रवाशांची ती नोंद तशीच राहिली.

आता माझा कर. विमान-प्रवाशांवरच्या करांचा इतिहास वाचताना गंमत वाटली, कारण त्यात दोन वळणांवर मराठी माणूस उभा आहे. दोघांचं आडनावही एकच, चव्हाण.

पहिले यशवंतराव. १९७१ साली ते देशाचे अर्थमंत्री होते. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येत होते आणि त्यांना जगवायला पैसा हवा होता. केंद्राने टपालावर, रेल्वेभाड्यावर आणि देशांतर्गत विमानभाड्यावर जादा कर बसवला. जुनी टपाल तिकिटं जमवणाऱ्यांना ते ५ पैशांचं निर्वासित मदतीचं तिकीट आठवेल. १९७३ मध्ये टपालावरचा तो भार उठला. आणि एसटी? तिच्यावरही त्याच कारणासाठी काही पैशांचा अधिभार बसला होता. तो २०१५ पर्यंत चालू होता! निर्वासित परत गेले, बांगलादेश नावाचा देश चांगला चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा झाला, आणि वेल्ह्याहून स्वारगेटला जाणारी एखादी म्हातारी त्या युद्धाचे पैसे देतच होती. परिवहन मंत्री दिवाकर रावते यांच्या काळात तो बंद झाला.

दुसरे शंकरराव चव्हाण, नांदेडचे. १९८९ च्या त्यांच्या अर्थसंकल्पात देशांतर्गत विमानभाड्यावर १० टक्के कर आला, पुढे तो १५ टक्के झाला. परदेशी जाणाऱ्यांवर १९७९ पासूनच वेगळा प्रवासकर होता. सुरुवातीला १०० रुपये, शेजारच्या देशांत जायचं तर ५०. पुढे तो ५०० पर्यंत गेला. तेव्हाचा हिशोब सरळ होता. विमानात बसतो तो श्रीमंत, त्याच्याकडून घ्या. यात चूक काही नव्हती. त्या काळात आमच्या अख्ख्या तालुक्यातून कोण विमानात बसलं असेल?

मग चित्र बदललं. ऑगस्ट २००३ मध्ये एअर डेक्कन उडालं, स्वस्त विमानांची चर्चा सुरू झाली. ८ जानेवारी २००४ ला, निवडणुका तोंडावर असताना, जसवंत सिंग यांनी देशांतर्गत विमानप्रवासाचा १५ टक्के कर आणि परदेश प्रवासकर दोन्ही रद्द केले. विमानाच्या इंधनावरचं उत्पादन शुल्कही १६ वरून ८ टक्क्यांवर आणलं. पुढच्या काही वर्षांत विमानतळांवर जी झुंबड उडाली ती आपण पाहिली आहे. आयटीतली आपली पिढी त्या झुंबडीचाच भाग आहे. पुढे सेवा कर आला, मग २०१७ मध्ये जीएसटी. साध्या वर्गाला ५ टक्के. बिझनेस क्लासचा दर सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून १८ वर गेला, पण तिथे आपण बसत नाही. (कंपनी बसवत नाही.)

तर दोन आकडे शेजारी ठेवा. माझं दिल्लीचं विमान, ५ टक्के. आजोबांची एसटी, साडेसतरा.

असं का झालं? कुणी बसून दुष्टपणे ठरवलं असं मला वाटत नाही. मला वाटतं कारण तेच, घाटातलं. ज्याच्याकडे दुसरी वाट असते त्याचा कर उतरतो. ज्याच्याकडे नसते त्याचा टिकतो.

बाहेरचं एक ठळक उदाहरण देतो. नेदरलँड्सने १ जुलै २००८ ला विमान-तिकिटावर कर लावला, जवळच्या प्रवासाला ११.२५ युरो आणि लांबच्या प्रवासाला ४५. डच लोकांनी काय केलं? गाड्या काढल्या, सीमा ओलांडली आणि जर्मनीतल्या विमानतळांवरून उडायला लागले. बरोबर वर्षभरात, १ जुलै २००९ ला, सरकारने कर शून्यावर आणला. बैल शेजारच्या घाटाने उतरले, दुसरं काय.

आपल्याकडे विमानाच्या इंधनाचंही असंच. त्यावरचा व्हॅट राज्य ठरवतं. मुंबई, रायगड आणि पुणे जिल्ह्यात तो २५ टक्के होता. मार्च २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात १८ वर आला. कारण उघड आहे. विमान हे असं वाहन आहे की जिथे कर कमी तिथे टाकी भरून येऊ शकतं. कंपन्या हे सरकारला आकडेवारीसकट सांगू शकतात. केळदचा माणूस काय सांगणार? त्याला दुसरी एसटी नाही. फार तर वडापची जीप.

आता दुसरी बाजू, नाहीतर अन्याय होईल. एक, आमच्या तिकिटावरची शुल्कं कमी नाहीत. देशांतर्गत प्रवासाचं सुरक्षा शुल्क २०२१ पासून २०० रुपये आहे, विमानतळाचं विकास शुल्क वेगळं. दोन, सरकार एसटीकडून नुसतं घेत नाही, देतंही. २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट, त्याची भरपाई राज्य करतं. म्हणजे आजी आता फुकट जाते. (हे मी तिला सांगितलं तर म्हणाली, "आता कुटं जायाचं र्‍हायलंय?")

आणि तीन, विमानाच्या करातून गरीब वाटांना मदत करायचा प्रयोगही झाला. त्याचं नाव 'उडान'. डिसेंबर २०१६ पासून मोठ्या मार्गांवरच्या प्रत्येक उड्डाणावर काही हजार रुपयांची आकारणी सुरू झाली आणि तो पैसा छोट्या शहरांच्या विमानांना द्यायचा ठरला. म्हणजे पुणे-दिल्लीवाल्याने नांदेडकराला हातभार लावायचा. २७ एप्रिल २०१७ ला योजनेतली पहिली विमानं उडाली त्यात नांदेड-हैदराबाद होतं. ज्या नांदेडच्या अर्थमंत्र्याने विमानभाड्यावर कर बसवला, त्याच गावाला अठ्ठावीस वर्षांनी विमान-आकारणीच्या पैशातून विमान मिळालं. इतिहासाला विनोदबुद्धी असते ती अशी.

पण निकाल? कॅगने २०२३ मध्ये पहिल्या तीन फेऱ्यांचा हिशोब मांडला. दिलेले मार्ग ७७४. सुरू झाले ३७१. तीन वर्षांची मदतीची मुदत पुरी केली ११२ नी. त्यानंतरही मार्च २०२३ पर्यंत टिकले ५४. नांदेडचं विमानही मध्ये थांबलं आणि २०२४ मध्ये पुन्हा सुरू झालं. कल्पना चांगली होती असं माझं अजूनही मत आहे. पण वाटसरूकडून पैसे घेणं सोपं आणि त्या पैशातून वाट चालू ठेवणं अवघड, हे यातून दिसतं.

जकातीचा जुना करार असा होता की तुम्ही पैसे द्या, आम्ही घाट राखू. चोर-दरोडेखोरांपासून, दरडीपासून. कर किती हा प्रश्न दुसरा, आधी वाट राखली का हा पहिला. आणि वाट राखण्यात एसटी मागे पडलीये. पावसाळ्यात वरंधा घाट अवजड वाहनांना बंद होतो, कधी सगळ्यांनाच. आमच्याकडच्या मुक्कामी गाडीची वाट बघण्यात आजोबांची किती संध्याकाळी गेल्या असतील त्याचा हिशोब कुठल्याच कॅगकडे नाही.

मी काही कर रद्द करा वगैरे म्हणत नाहीये. मला एवढंच वाटतं की जी ओळ माझ्या तिकिटावर छापलेली असते ती एसटीच्याही तिकिटावर छापावी. मूळ भाडं इतकं, प्रवासी कर इतका. दिसलं की माणूस विचारतो. मी विचारलं ते ओळ दिसली म्हणूनच. आजीने मात्र न दिसताच विचारलं.

काल फोनवर तिला उत्तर दिलं. म्हटलं, "असतं आजी. माझ्या विमानापेक्षा जास्त असतं." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुझा आजा रोज भांडायचा कंडक्टरशी, सुट्ट्यासाठी. उगाच त्या बिचाऱ्याशी भांडला."