फिरंगी महालातील अविभाज्य कण

लखनौच्या चौकात चिकनकारी आणि अत्तर यांच्या दुकानांची जी दाट वस्ती आहे, तिच्या लगतच फिरंगी महाल या नावाची एक जुनी वास्तू आहे. मुळात ती एका युरोपीय व्यापाऱ्याची हवेली. पुढे ती सरकारजमा झाली, आणि सिहाली गावचे विद्वान मुल्ला कुतुबुद्दीन यांचा जमिनीच्या वैरातून खून झाल्यावर औरंगजेबाने फर्मान काढून ती त्यांच्या मुलांच्या हवाली केली. त्यांपैकी मुल्ला निजामुद्दीन (मृत्यू 1748) यांनी जो पाठक्रम रूढ केला, तो ‘दर्स-ए-निजामी’ या नावाने हिंदुस्थानभर पसरला. तर्क, गणित आणि तत्त्वज्ञान, म्हणजे ज्यांना तेथे ‘माकूलात’ म्हणत, त्यांवर त्याचा विशेष भर होता. काझी, मुफ्ती आणि अदालतींतील अंमलदार पुष्कळसे याच शिस्तीत तयार होत.

या पाठक्रमातील एक ग्रंथ म्हणजे तेराव्या शतकातील अबहरी याच्या ‘हिदायतुल हिकमत’ या ग्रंथावरील शिराझच्या मुल्ला सद्राचे भाष्य. त्यावर स्वतः निजामुद्दीनांनी टीपा लिहिल्या. त्यातील भौतिक भागाचा आरंभच अविभाज्य कणाच्या खंडनाने होतो. असा कण मानणारा पक्ष म्हणे की, तो कापून, फोडून, कल्पनेने किंवा केवळ गृहीत धरूनही विभागता येत नाही. त्यावर मुदर्रिस, म्हणजे तेथील अध्यापक, विद्यार्थ्यापुढे तीन कण एका ओळीत मांडी. मधला कण दोन्ही टोकांच्या कणांना परस्परांपासून दूर ठेवतो की नाही? ठेवत असेल, तर त्याची एकास भिडणारी बाजू दुसऱ्यास भिडणाऱ्या बाजूहून वेगळी, म्हणजे त्याला अवयव आले. ठेवत नसेल, तर तिन्ही एकमेकांत सामावून जातील आणि त्यांपासून कधीच आकारमान निर्माण होणार नाही.

आपल्याकडे न्याय-वैशेषिकाची पाठशाळा नेमकी उलट पक्षाची. विभागणीला कोठेच अंत नसेल तर मेरू पर्वत आणि मोहरीचा दाणा या दोहोंचे अवयव सारखेच अनंत ठरतील, म्हणून परमाणू निरवयव मानलाच पाहिजे, असे आपले शास्त्री सांगत. दोन्ही युक्तिवाद मला निर्दोष वाटतात, आणि म्हणूनच प्रोटॉनच्या अंतरंगाचा विसाव्या शतकातील इतिहास वाचताना चौकातील त्या मुदर्रिसांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

प्रोटॉन हा बेरिऑन कुळातील सर्वांत हलका कण. त्याला अंतरंग आहे ही शंका प्रथम 1933 साली ऑटो स्टर्न याच्या मापनांनी बळावली: निरवयव कणाच्या सिद्धांतानुसार त्याचे चुंबकीय आघूर्ण ज्या मापाने एक यावयास हवे, त्याच मापाने ते सुमारे अडीच भरले; आजचा आकडा 2.79 आहे. पुढे हॉफस्टॅटरने इलेक्ट्रॉनांचा मारा करून प्रोटॉनला विस्तार आहे हे दाखविले, आणि 1964 मध्ये गेल-मान व झ्वाइग यांनी त्याच्या आत तीन क्वार्क कल्पिले. त्याच वर्षी बेग, ली आणि पैस यांनी या प्रतिमानाच्या सममितीवरून न्यूट्रॉन व प्रोटॉन यांच्या आघूर्णांचे गुणोत्तर उणे दोन तृतीयांश काढले. प्रत्यक्ष मापन उणे 0.685 आहे. इतक्या साध्या कल्पनेने इतके जवळ जाता यावे, याचे आश्चर्य मला अजूनही ओसरलेले नाही. पण अबहरीचा आणि वैशेषिकांच्या कणादाचा वाद येथे विलक्षण रीतीने मिटतो: प्रोटॉनला अवयव आहेत, तथापि कितीही जोराने फोडला तरी एकटा क्वार्क बाहेर येत नाही; घातलेल्या ऊर्जेतून नवे क्वार्क-प्रतिक्वार्क उपजतात आणि हाती पुन्हा संयुक्त कणच लागतात.

खरी अडचण परिवलनाची. प्रोटॉनचे परिवलन अर्धे, प्रत्येक क्वार्कचेही अर्धे. दोन एका दिशेचे, एक उलट, असा साध्या प्रतिमानाचा हिशेब. क्वार्कांच्या सापेक्षतावादी गतीचा विचार करणाऱ्या 1974 च्या ‘पिशवी’ प्रतिमानात क्वार्कांच्या परिवलनाचा वाटा सुमारे 65 टक्क्यांवर आला. परंतु 1988 साली सर्न येथील युरोपीय म्युऑन गटाने जो आकडा प्रसिद्ध केला, तो इतका लहान होता की क्वार्कांचे योगदान जवळजवळ शून्य असल्याचाही संभव उरला, आणि सिद्धांतकारांत खळबळ उडाली. नंतरच्या मापनांनी तो सुमारे एक तृतीयांशावर स्थिरावला. बाकीचा हिस्सा क्वार्कांना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑनांचे परिवलन आणि या सर्व अवयवांची कक्षीय गती यांच्या खाती टाकावा लागतो. त्यांपैकी ग्लुऑनांची बाजू ब्रुकहेवन येथील ध्रुवित प्रोटॉनांच्या टकरींतून तपासली गेली.

मात्र ही वाटणी करण्याची रीतच एक नाही. जॅफी व मनोहर यांनी 1990 मध्ये एक विभागणी मांडली, तर जी (Ji) या भौतिकशास्त्रज्ञाने 1997 मध्ये दुसरी. एकूण बेरीज दोहोंतही अर्धीच, पण क्वार्कांच्या कक्षीय गतीचा आणि ग्लुऑनांचा हिस्सा दोहोंत निराळा येतो, कारण क्वार्क ज्या ग्लुऑन-क्षेत्रात फिरतो त्या क्षेत्राचा अंश कोणाच्या नावे लिहावयाचा, हे त्या दोन विभागण्यांत वेगवेगळे ठरविले आहे. कापणे आणि फोडणे येथे थांबलेले आहे. चालू आहे ती गृहीत धरून केलेली विभागणी, फिरंगी महालातील त्या यादीतील चौथी आणि शेवटची.