भारतीय सशस्त्र दलांतील लैंगिक अत्याचारांची तक्रार व तपास

भारतीय सशस्त्र दलांतील लैंगिक अत्याचारांची तक्रार व तपास ही प्रक्रिया सर्वसाधारण फौजदारी कायदा, लष्करी कायदा आणि कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा अशा तीन चौकटींत विभागलेली आहे. तक्रारदार, आरोपी, साक्षीदार व निर्णय घेणारे अधिकारी अनेकदा एकाच अधिकारश्रेणीत असतात. हा तिच्यातील प्रमुख अडथळा मानला जातो.

पार्श्वभूमी

१९९२ पासून लष्कराच्या वैद्यकीय सेवांखेरीज इतर शाखांतही महिला अधिकाऱ्यांची भरती सुरू झाली. १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यांना कायम कमिशनचा मार्ग खुला झाला. नाशिक परिसरात देवळाली येथे तोफखान्याचे, तर नाशिक रोडजवळ लष्करी हवाई दलाचे प्रशिक्षण विद्यालय आहे. लष्कराची पहिली महिला लढाऊ वैमानिक मे २०२२ मध्ये नाशिक येथूनच प्रशिक्षण घेऊन बाहेर पडली. अशा छावण्यांत कार्यालय आणि निवासस्थान बहुधा एकाच आवारात असतात.

अधिकारक्षेत्र

लष्करी कायद्याच्या कक्षेबाहेरील व्यक्तीवरील बलात्काराचा खटला लष्कर अधिनियम, १९५० च्या कलम ७० नुसार कोर्ट मार्शलपुढे चालत नाही. सक्रिय सेवा, परदेश व अधिसूचित सीमाठाणी हे त्यास अपवाद आहेत. म्हणून देवळालीसारख्या छावणीत पीडिता नागरी असल्यास तपास पोलीस करतात व खटला फौजदारी न्यायालयात चालतो.

पीडिता स्वतः सैन्यात असल्यास दोन्ही मार्ग संभवतात. खटला कोठे चालवावा हे कलम १२५ नुसार संबंधित वरिष्ठ कमांडर ठरवतो. फौजदारी न्यायालयाशी मतभेद झाल्यास केंद्र सरकारचा निर्णय अंतिम असतो.

सप्टेंबर २०२१ मध्ये कोइमतूर येथे एका महिला हवाई दल अधिकाऱ्याच्या तक्रारीवरून पोलिसांनी सहकारी अधिकाऱ्यास अटक केली. न्यायालयाने पुढे त्यास हवाई दलाच्या ताब्यात दिले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये खासगीपणाचा भंग ठरविलेली 'दोन बोटांची चाचणी' आपल्यावर झाल्याचा आरोप तक्रारदाराने केला. हवाई दलप्रमुखांनी तो नाकारला.

अडथळे

• अधिकारश्रेणी: तक्रारदार व साक्षीदारांचे गोपनीय अहवाल, रजा आणि बदल्या वरिष्ठांच्या हाती असतात.
• मुदत: २०१३ च्या कायद्याखाली तक्रार तीन महिन्यांत करावी लागते, ही मुदत आणखी तीन महिने वाढविता येते. कोर्ट मार्शलसाठी सर्वसाधारणतः तीन वर्षांची मर्यादा आहे. फौजदारी न्यायालयात बलात्कारासाठी अशी मर्यादा नाही.
• पुनरुक्त जबाब: कोर्ट ऑफ इन्क्वायरी, पुराव्याचा सारांश व प्रत्यक्ष खटला अशा टप्प्यांत पीडितेस तोच प्रसंग पुन्हा सांगावा लागू शकतो.
• पुरुष पीडित: २०१३ चा कायदा केवळ महिलांना लागू आहे. भारतीय न्याय संहितेतही बलात्काराची व्याख्या पीडित स्त्रीपुरती मर्यादित आहे. पुरुष सैनिकाच्या बाबतीत मुख्यतः लष्कर अधिनियमाच्या कलम ४६ मधील लज्जास्पद वर्तनाच्या तरतुदीचा आधार घ्यावा लागतो. तिची कमाल शिक्षा सात वर्षे आहे.

सुधारणा

सशस्त्र दलांतील व्यक्तींनी महिलांवर केलेले लैंगिक अत्याचार सर्वसाधारण फौजदारी कायद्याखाली आणावेत, अशी शिफारस न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये केली होती. अमेरिकेत डिसेंबर २०२३ पासून अशा गंभीर गुन्ह्यांत खटला भरण्याचा निर्णय कमांडरांऐवजी स्वतंत्र लष्करी अभियोक्ते घेतात. भारतात न्यायालयाच्या निवडीचा प्राथमिक अधिकार कमांडरांकडेच आहे.