हिमायत बाग: बादशाही बाग शहराची कशी झाली?

औरंगपुऱ्यातून उत्तरेला दिल्ली दरवाजाकडे गेलं की सलीम अली सरोवरासमोर दाट झाडी दिसते. हीच हिमायत बाग, सुमारे ३०० एकरांची.

मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीचं पुढे मुघलांनी औरंगाबाद केलं. त्याच मुघल काळात, १७ व्या शतकात ही शाही बाग तयार झाली. त्या काळची शक्कर बावडी इथे आजही आहे.

राजवटी गेल्या, तरी इथली फळझाडं राहिली. आता इथे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. सकाळी शहरातले लोक इथे फिरायलाही येतात.

मग जुनी झाडं तोडून नवी लावली तर काय बिघडतं? कोयीतून उगवलेला आंबा मूळ झाडासारखाच निघेल याची खात्री नसते. म्हणून चांगल्या झाडाच्या काडीवरून कलम करतात. असं मातृवृक्ष गेलं, तर त्याच्यापासून होणारी पुढची कलमंही थांबतात.

म्हणूनच हिमायत बाग जपणं म्हणजे फक्त सावली नाही, तर फळांचे वाणही जपणं आहे.