तांब्याचे पत्रे आणि सर हंफ्री डेव्ही

लांकडी जहाजांचे तळ पोखरणाऱ्या किड्यांनीं इंग्रजी आरमारास एके काळीं अगदीं जेरीस आणलें होतें. उपाय म्हणून १७६१ सालीं ‘अलार्म’ या जहाजाच्या तळास तांब्याचे पत्रे ठोकून पाहण्यांत आले, आणि पुढें वीस-पंचवीस वर्षांत ही पद्धति सर्व आरमारांत रूढ झाली. किड्यांचा उपद्रव टळला. शिवाय शेवाळें व शिंपलेही तळास फारसे धरीनासे झाले. मात्र खुद्द तांबेंच समुद्राच्या पाण्यांत झिजूं लागलें, आणि तांबें कांहीं स्वस्त नव्हे. अखेर १८२३ सालीं हें गाऱ्हाणें रॉयल सोसायटीपुढें आलें. सर हंफ्री डेव्ही हा त्या वेळीं तिचा अध्यक्ष होता.

१८०७ सालीं विजेच्या साहाय्यानें पोटॅशियम व सोडियम वेगळे काढणारा हा पुरुष. रासायनिक आकर्षण आणि विद्युत् यांचें नातें अगदीं जवळचें, अशी त्याची दृढ समजूत होती. त्यानें विचार केला तो असा: समुद्राच्या पाण्यांत तांब्याचा पृष्ठभाग किंचित् धनविद्युन्मय असतो, म्हणूनच पाण्यांत विरलेला प्राणवायु त्यावर चाल करतो, तोच पृष्ठभाग थोडासा ऋण करतां आला तर झीज थांबली पाहिजे. तांब्यास जस्त किंवा लोखंड जोडलें कीं तें झिजतें आणि तांबें शाबूत राहतें. वाटाण्याएवढें जस्त, किंवा लहानशा खिळ्याचें टोंकसुद्धां, चाळीस-पन्नास चौरस इंच तांब्यास पुरतें, असें त्याला आढळलें. रक्षक एका कोपऱ्यांत आणि त्याचा अंमल साऱ्या पत्र्यावर, ही यांतील मौज वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. १८२४ च्या जानेवारींत त्यानें हें सोसायटीस कळविलें.

मग खऱ्या जहाजांवर प्रयोग सुरू झाले. त्यांतलें ‘समरंग’ हें आपल्या कोचीनास बांधलेलें. त्याच्या तळास तांब्याच्या सुमारें एक-ऐशींश क्षेत्राचे लोखंडी ठोकळे लावून तें नोव्हा स्कोशियास धाडण्यांत आलें, आणि त्याचें तांबें उत्तम टिकलें. परंतु पुढें रक्षक लावलेलीं जहाजें शेवाळानें व शिंपल्यांनीं भरून परत येऊं लागलीं. त्यांचा वेग मंदावला. थोड्याच वर्षांत आरमारानें हे रक्षक काढून टाकले. थट्टा पुष्कळ झाली. १८२९ सालीं जिनीव्हा येथें डेव्ही वारला.

डेव्हीचा सिद्धांत फसला, असें म्हणणाऱ्यांशीं आमचें जुळत नाहीं. तो गरजेपेक्षां अधिक खरा ठरला. तांबें हळूहळू विरघळतें तेव्हांच त्याचे विषारी क्षार पृष्ठभागालगतच्या पाण्यांत उतरतात, आणि जीवजंतु तेथें मूळ धरीत नाहींत. झीज बंद झाली कीं विषही बंद! त्यांत ऋण झालेल्या तांब्याजवळ अल्कली उत्पन्न होऊन चुन्याचा व मॅग्नेशियमचा थर बसतो. चिकटून राहणाऱ्या प्राण्यांस ती आयतीच जागा. डेव्हीजवळ पत्रे तोलण्यास तराजू होता. धातूचा विद्युद्दाब हवा तेथें स्थिर धरून, वाहणाऱ्या सूक्ष्म प्रवाहावरून झिजेचा वेग सांगणारीं आजचीं यंत्रें त्याच्याजवळ असतीं, तरी शिंपल्यांची वार्ता त्यांनीं दिली नसती. ती समुद्राकडूनच यावयाची होती.

आज पोलादी जहाजांस जस्ताचे वा ॲल्युमिनियमचे ठोकळे लावतात, तें डेव्हीचेंच तत्त्व होय. आणि तांब्याचें विष पुष्कळदां वेगळ्या रंगांत मिसळून वरून फांसतात.